म्हाताऱ्याचा चिरूट

सान अंतोलीन, ६ जानेवारी १९७६

प्रिय लिंदा,

तुझं नाताळचं पत्र आणि फिनाचे बूट, दोन्ही पोचले. बूट बोटभर मोठे आहेत, पण पोरगी ते पायातून काढायला तयार नाही. रविवारी चर्चमध्ये तिनं दोन्ही पाय पुढच्या बाकावर ठेवले, सगळ्यांना दिसावेत म्हणून. आईनं चिमटा काढला तर म्हणते कशी, "आत्यानं राजधानीतून पाठवलेत, मग लपवू कशाला?" तुझीच भाची शोभते.

आता खरी बातमी. म्हाताऱ्याचा चिरूट विझला. नाताळच्या आधीपासूनच डोंगराचा धूर बारीक होत चालला होता. नवीन वर्ष उजाडलं आणि शिखर एकदम कोरडं. मी त्याला इतका उघडा कधी पाहिला नव्हता. टोपी हरवलेल्या माणसासारखा दिसतो, आपल्यालाच लाज वाटते. दॉन लाउरेआनोनं काही संध्याकाळी वाट पाहिली, मग चर्चची घंटा वाजवली आणि गाव दवात गेलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. चटया, घोंगड्या, कोंबड्या, पाटे-वरवंटे, सगळा संसार कॉफीच्या झाडांखाली. म्हातारा पुन्हा चिरूट पेटवेपर्यंत छपराखाली कुणी निजायचं नाही. त्याचा राग धुरावाटे वर गेला नाही तर खाली जमिनीत उतरतो, हे मी तुला शिकवायला नको. आईनं तुलाच आधी घोटून पाजलंय.

तोडणीचे दिवस आहेत, त्यामुळे मळ्यात निजणं एका परीनं सोयीचंच. उठलं की टोपली गळ्यात. पण थंडी फार. सकाळी घोंगडी पिळली तर पाणी निघतं. आई रात्रभर खोकते. हे लिहिणार नव्हतो, पण नंतर तू म्हणशील, चेंचो, माझ्यापासून लपवलंस.

घर रिकामं उभं आहे. चौऱ्याहत्तर साली म्हाताऱ्यानं तापलेले दगड फेकून आमचं गवताचं छप्पर जाळलं, तेव्हा तू हट्टानं कौलं घालायला लावलीस. आता त्या लालभडक कौलांखाली कोंबडीसुद्धा निजत नाही. आईला हे सांगून मी हसवत असतो.

तुझा भाऊ,
चेंचो


ग्वातेमाला शहर, १३ जानेवारी १९७६

प्रिय चेंचो,

तुझं पत्र वाचून माझं डोकं उठलं. सत्तरीला टेकलेल्या बाईला जानेवारीच्या दवात उघड्यावर निजवतोस, आणि वर मला कळवतोस की ती खोकते! खोकेल नाहीतर काय, नाचेल?

मी इथे वेधशाळेत सहा वर्षं काय करते, असं तुला वाटतं? रोज सकाळी काजळी धरलेला कागद यंत्राच्या ढोलावर चढवते. सुई त्यावर रेघ ओढत राहते. दुसऱ्या दिवशी तो कागद उतरवून लाखेत बुडवायचा, वाळवायचा, वाचायचा. डोंगराच्या पोटात काही हललं की सुई बारीक थरथरते. ते डोंगराचे धक्के. ते लहान असतात, घरं पाडत नाहीत. घरं पाडणारा भूकंप त्याचा नसतो. तो खालच्या खडकातून येतो, जिथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासतात. आमच्या नकाशावर ती रेघ तुमच्या उत्तरेला, नदीच्या खोऱ्यातून जाते. तुमचा म्हातारा ओढतो की सोडतो, याची त्या रेघेला खबरही नसते. आमच्या इंजिनिअरसाहेबांना मी मुद्दाम विचारलं. ते हसले. म्हणाले, "शेजाऱ्याची चूल विझली म्हणून आपल्या घराचा पाया हलत नाही, असं सांगा तुमच्या गावाला."

मला किती लाज वाटली, तुला कळायचं नाही. सगळ्या वेधशाळेला आता माहीत झालंय की एर्लिंदाचं गाव धूर बघून अंथरूण घालतं.

तेव्हा आईला आजच्या आज घरात ने. सध्या म्हाताऱ्याखाली सुई अगदी शांत आहे. धूर थांबला म्हणून भूकंप येणार नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस. मला तुझ्या सवयी माहीत आहेत.

तुझी,
एर्लिंदा


सान अंतोलीन, २४ जानेवारी १९७६

प्रिय लिंदा,

गाळलं नाही. गाळायची सोयच नव्हती. आईनं मला तुझं पत्र मळ्यात, सगळ्यांसमोर वाचायला लावलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर "काजळी धरलेला कागद" आला की ती हात वर करून मला थांबवायची आणि सगळ्यांकडे बघून घ्यायची.

चुलीच्या वाक्यावर दॉन लाउरेआनो भडकला. "त्या साहेबानं म्हाताऱ्याच्या पायथ्याशी किती रात्री काढल्यात, ते विचार तुझ्या लेकीला."

आई म्हणाली, "लाउरेआनो, माझी लेक जमिनीची नाडी धरून बसते. तू घंटेची दोरी धरून बसतोस."

तोडणीच्या बायका टोपल्या खाली ठेवून हसल्या. लाउरेआनोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "जा मग, निज त्या कौलांखाली." आणि आई गेली. चटई गुंडाळली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि भर गावासमोरून ताठ मानेनं घरात गेली. मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणाली, "तुझ्या बायकोचा जीव घाबरत असेल तर तिच्याजवळ राहा. मला सोबत नको. मला माझ्या लिंदानं लिहिलंय." रामोना काही केल्या छपराखाली यायला तयार नाही, आणि फिनाला ती सोडत नाही. म्हणून आम्ही तिघं बाहेर, आई आत.

गावात आईच एकटी घरात निजते. सकाळी बाहेर येते ती एखाद्या बिशपसारखी. रोज कुणी ना कुणी आईला विचारतं, "काय दोन्या बासिलिया, पडलं का घर?" आणि ती म्हणते, "माझ्या लेकीला विचारून सांगते."

खोकला कमी झालाय, हे कबूल करतो. श्रेय तुझं.

चेंचो


ग्वातेमाला शहर, ३० जानेवारी १९७६

प्रिय चेंचो,

पाहिलंस? मी तुझं पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. बिशपच्या वाक्यावर इंजिनिअरसाहेब खुर्चीतून पडायचे राहिले. म्हणाले, "तुमच्या आईला इथे नोकरीला आणा." आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण गाव सोडून आलो ते फुकट गेलं नाही.

सोबत छातीला चोळायचा मलम पाठवते. निजताना चोळून वर लोकरीचं फडकं बांध. आणि आता फिनालाही आत घे. रामोनाला सांग, लहान पोरीच्या छातीत थंडी बसली की आयुष्यभर जात नाही. आजी आत सुखरूप निजते, मग नातीनं दवात कशाला भिजायचं?

लाउरेआनोला सांग, एकदा इथे ये. मी स्वतः यंत्र दाखवीन. जेवायलाही घालीन.

ईस्टरला नक्की येते.

तुझी,
लिंदा


ग्वातेमाला शहर, ५ फेब्रुवारी १९७६

चेंचो,

लष्कराची एक गाडी तुमच्या रस्त्यानं जिथवर जाता येईल तिथवर जाणार आहे. तिच्याबरोबर हे देते. तुम्ही कसे आहात? आई कशी आहे? एका ओळीत लिही. फक्त सगळे आहेत एवढं लिही.

इथे आम्ही रस्त्यावर आहोत. मला खरचटलंसुद्धा नाही. कालच्या भूकंपात यंत्राची सुई पहिल्याच झटक्यात कागदावरून उडाली. मी सकाळी वेधशाळेत गेले तेव्हा ढोल तसाच फिरत होता आणि सुई हवेत होती. कागदावर एक जाड ओरखडा आणि पुढे कोरी काजळी. हादरे अजून येतायत. रेडिओवर तुमच्या भागातल्या गावांची नावं वाचतायत, सान अंतोलीन अजून आलेलं नाही. नाव येणं चांगलं की न येणं चांगलं, इथे कुणालाच कळत नाही.

लिंदा


सान अंतोलीन, १७ फेब्रुवारी १९७६

एर्लिंदा,

तुझं पाच तारखेचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसण्याजोगी जागा नव्हती आणि लिहावंसं वाटत नव्हतं.

आई गेली.

चार तारखेला पहाटे जमीन उठली. आम्ही मळ्यात होतो. कॉफीची झाडं अंगावर झोडपत होती, मी फिनाला खाली दाबून धरलं होतं. उठता येत नव्हतं. मळ्यातून गावाचा आवाज ऐकू आला, सगळी घरं एकदम खाली बसल्याचा. मग धूळ. तोंडात, डोळ्यांत, सगळीकडे धूळ. कुत्री गप्प झाली होती. हे मी तुला लिहितोय कारण तुझ्या कागदावर ते उमटलं नसेल.

सान अंतोलीनमध्ये एक घर उभं नाही. एक भिंत इथे, एक तिथे. आणि आईखेरीज माणूस एकही मेला नाही, कारण दुसरा माणूस एकही घरात नव्हता. पलीकडच्या गावात, जिथे म्हातारा दिसत नाही आणि लोक आपापल्या छपराखाली निजतात, तिथे मेलेल्यांना पुरायला माणसं उरली नाहीत. आमच्या अख्ख्या गावात एक खड्डा खणला. एकच.

कौलं आम्ही हातानं उचलली. मी, रामोना आणि दॉन लाउरेआनो. तो सगळ्यात आधी आला. म्हातारा माणूस, बोटं फुटली त्याची, पण एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आईच्या छातीवर मधली तुळई होती. घोंगडी हनुवटीपर्यंत ओढलेली होती. तिला थंडी वाजली नसणार, एवढं तुला सांगतो.

तुझं तीस तारखेचं पत्र आणि मलमाची डबी दफनानंतर आली. टपाल घेऊन येणारा ट्रक वाटेत अडकला होता. "आता फिनालाही आत घे," असं लिहिलंस. तो ट्रक वेळेवर आला असता, आणि माझ्या बायकोनं या वेळी माझं ऐकलं असतं, तर दोन खड्डे खणावे लागले असते. रामोनानं ते पत्र माझ्या हातून घेतलं, वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

कौलं तुझी. शब्द तुझा. तू येऊ नकोस. रस्ता बंद आहे म्हणून नाही सांगत.

फिदेन्सियो


ग्वातेमाला शहर, २४ फेब्रुवारी १९७६

चेंचो,

तुझं पत्र मी वेधशाळेच्या अंगणात उभी राहून वाचलं. नंतर काय केलं ते आठवत नाही. कुणीतरी मला पाणी दिलं.

तू फिदेन्सियो म्हणून सही केलीस. ती सही मी फक्त तुझ्या लग्नाच्या नोंदीवर पाहिली होती.

मला एक सांगू दे, मग काय वाटेल ते म्हण. मी खोटं लिहिलं नव्हतं. तो भूकंप म्हाताऱ्याचा नव्हता. तो त्याच रेघेवरून आला, जी मी तुला लिहिली होती. जमीन तिथे मैलोन्‌मैल फाटली आहे, साहेब स्वतः बघून आले. म्हातारा त्या दिवशी ना खोकला ना शिंकला. धूर बंद झाला आणि भूकंप आला, या दोघांचा संबंध नाही, आजही नाही. मी बरोबर होते.

आणि आई मेली. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला त्यातलं एकही कुठे ठेवता येत नाही. "धूर थांबला म्हणून भूकंप येणार नाही," असं मी लिहिलं. त्याच्यापुढे एवढंच लिहायचं होतं की तो कशाहीशिवाय येऊ शकतो, उद्याही येऊ शकतो. तेवढं मला माहीत होतं. लिहिलं नाही, कारण मला लाउरेआनोला हरवायचं होतं.

पण तूही ऐक. तू बाहेर होतास. तुला माझ्या शास्त्राचा इतका भरवसा होता तर बायको-पोरीला घेऊन आत का गेला नाहीस? आणि भरवसा नव्हता तर तिला हाताला धरून बाहेर का ओढलं नाहीस? रोज सकाळी ती बाहेर आली की तू हसायचास, आणि रोज संध्याकाळी तिला एकटीला आत जाऊ द्यायचास. तुला गंमत वाटत होती, चेंचो. तुझ्याच पत्रात आहे.

आई फक्त तुझी नव्हती. तिला पुरताना तू मला निरोपसुद्धा धाडला नाहीस.

एर्लिंदा


सान अंतोलीन, १४ मार्च १९७६

एर्लिंदा,

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हतो. तू लिहिलेलं खरं आहे, म्हणून तर मुळीच देणार नव्हतो. पण एक गोष्ट कळवायची आहे.

म्हाताऱ्यानं चिरूट पेटवला. परवा संध्याकाळी, सूर्य बुडताना, आधी एक धागा आणि मग चांगला जाड धूर. बायका रडल्या. लाउरेआनोनं घंटा वाजवली. ती आता चर्चमध्ये नाही, आंब्याच्या फांदीला टांगली आहे. संताला पालखीत घालून आम्ही पडलेल्या घरांमधून फिरवला. कुणाकडे काही नव्हतं, तरी मक्याचे तामाले शिजले.

दव संपलं. सगळे आपापलं घर उभं करायला लागलेत. पाऊस तोंडावर आलाय. आपली मागची भिंत आणि बाजूची अर्धी भिंत उभी आहे. मी तिला लाकडाचे टेकू दिलेत, भेगा चिखलानं भरल्यात. शाबूत कौलं वेचून ठेवलीत. ईस्टरच्या आधी आम्ही आत जाऊ. रामोनाला दिवस गेलेत, तिला उघड्यावर किती दिवस ठेवू?

हे तुला परवानगीसाठी लिहीत नाही.

फिदेन्सियो


ग्वातेमाला शहर, १९ मार्च १९७६

चेंचो,

पाया पडते, त्या भिंतीखाली जाऊ नकोस.

मोठ्या भूकंपानंतर हादरे महिनोन्‌महिने येत राहतात. यंत्रावर रोज येतायत, काही मोठे आहेत. भेगाळलेली मातीची भिंत आधीच अर्धी पडलेली असते, तिला मोठा भूकंप लागत नाही. चिखलानं भेग झाकते, सांधत नाही. धूर निघाला म्हणून जमीन थांबलेली नाही. धुराचा आणि जमिनीचा…

हे मी पूर्वीही लिहिलंय, मला माहीत आहे. हेच शब्द. पण या वेळी ते तुम्हाला बाहेर राहा म्हणून सांगतायत. इथे परदेशी लोक छपराचे पत्रे वाटतायत, मी रांगेत उभी राहीन, पाठवीन. बांबूच्या चार खांबांवर पत्रा टाक आणि त्याखाली राहा. तो पडला तर कुणी मरत नाही.

लिंदा


सान अंतोलीन, २७ मार्च १९७६

मान्यवर दोन्या एर्लिंदा,

मी रामोना. माझं अक्षर वाईट आहे, माफ करा. हे पत्र मी कॉफीच्या ट्रकवाल्याजवळ देते, तुमच्या भावाला ठाऊक नाही.

तुमचं पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. म्हणाले, "आधी हिच्या शास्त्रानं आईला आत निजवलं. आता तेच शास्त्र आम्हाला बाहेर निजवतंय. म्हातारा निदान एका वेळी एकच काहीतरी सांगतो." मग तुमचं पत्र भिंतीच्या भेगेत कोंबलं आणि वरून चिखल लावला.

काल हादरा आला. लहान होता. चिखल पडला, तुमचं पत्रही पडलं. मी म्हटलं, बघा. ते म्हणाले, म्हाताऱ्याचा धूर चालू आहे, काही होत नाही.

मी फारशी शिकलेली नाही. मी जानेवारीत आत गेले नाही ते शास्त्र समजून नाही, मला फक्त भीती वाटली. आता पण वाटते. पण आता सगळं गाव आत जाणार आहे आणि मी एकटी बाहेर राहिले तर ते फिनाला उचलून नेतील. त्यांना आईंच्या जागी निजायचं आहे. तसं बोलत नाहीत, पण अंथरूण तिथंच घालणार म्हणतात.

दोन्या एर्लिंदा, मी तुमच्यावर रागावले होते. अजून आहे. पण तुम्ही मोठ्या आहात. यंत्राचं काही लिहू नका. ते ऐकणार नाहीत. ते ज्याचं ऐकतात तसं काहीतरी लिहा.

रामोना


ग्वातेमाला शहर, २ एप्रिल १९७६

रामोना,

ही चिठ्ठी ट्रकवाला फक्त तुझ्याच हातात देईल. वाच आणि चुलीत घाल.

टपालानं चेंचोला एक पत्र येईल. त्यातलं एक अक्षर खरं नाही. आई असं कधीच म्हणाली नाही. साहेबांनीही नाही. ते लिहायला मला रात्र गेली. सहा वर्षं मी जे शिकले ते एका बाजूला ठेवून त्याच्या उलट लिहायचं, आणि तेही तिच्या तोंडी घालून. तुला राग आहे ते बरोबर आहे, तो राहू दे. पण पोरीला बाहेर ठेव.

एर्लिंदा


ग्वातेमाला शहर, २ एप्रिल १९७६

प्रिय चेंचो,

मी हरले. तू जिंकलास, लाउरेआनो जिंकला. इथे साहेबांनीही आता मान खाली घातली आहे. म्हातारा आणि जमीन एकच. आपल्या लोकांना जे ठाऊक होतं ते आम्हाला यंत्रानं दिसलं नाही.

म्हणूनच लिहिते. तुमच्या धुराचा रंग कोणता आहे? पांढरा असेल तर घंटा पुन्हा वाजवायला सांग. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. ज्या वर्षी आजोबांच्या घराची भिंत पडली, त्या वर्षी असंच झालं होतं. म्हातारा बरेच दिवस गप्प होता, मग पांढरा धूर आला आणि सगळे आनंदानं आत गेले. आई गेली नाही. मला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, "हा कोरा चिरूट ओढतोय. आत तंबाखू नाही. गावाला आत घेतो आणि मग दार लावतो. काळा धूर आल्याशिवाय मी पोरांना छपराखाली नेणार नाही." आणि तिसऱ्या रात्री ती भिंत पडली.

मी हे विसरले होते, चेंचो. आठवलं असतं तर जानेवारीत तसं पत्र लिहिलं नसतं. आईनं मला आठवण करून द्यायला हवी होती, पण तिनं माझंच ऐकलं.

काळा धूर येईपर्यंत थांब. फिनाला आणि रामोनाला घेऊन बाहेर थांब. आईनं सांगितलंय म्हणून.

तुझी,
लिंदा


सान अंतोलीन, २२ एप्रिल १९७६

प्रिय लिंदा,

तुझं पत्र पवित्र आठवड्याच्या तोंडावर आलं. आम्ही अंथरुणं आत नेली होती. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच लाउरेआनोकडे गेलो. त्यानं दोनदा वाचायला लावलं, आईसारखं. मग आम्ही दोघं बाहेर येऊन म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. धूर पांढरा होता. दुधासारखा.

लाउरेआनो म्हणाला, "बासिलियानं मला हे कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, आईनं तुला काय सांगावं, तुमचं कुठे जमायचं. तो डोळे पुसून म्हणाला, "बाई शहाणी होती," आणि घंटेकडे गेला. गाव पुन्हा दवात आलं. लोक कुरकुरले, पण आले. आईचं नाव होतं ना.

शुक्रवारी ख्रिस्ताची मिरवणूक संपली आणि लोक मळ्यात परतले तेव्हा हादरा आला. मोठा नव्हता, उभं राहता येत होतं. मागची भिंत टेकूंसकट आत कोसळली. जिथे मी अंथरूण घातलं होतं, नेमकी तिथे. फिना माझ्या मांडीवर भाकरी खात होती. तिनं विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही, आजीचं घर. रामोना माझ्याकडे बघत होती. ती त्या दिवसापासून फार गप्प असते. पोटातल्या बाळामुळे असेल.

मी गावात सगळ्यांना सांगितलं की तू कबूल केलंस. चारचौघांत सांगितलं, जसं आईनं तुझं पहिलं पत्र वाचायला लावलं होतं. आता तुझ्याबद्दल कुणी वावगं बोलत नाही. लाउरेआनो म्हणतो, पोरगी वाट चुकली होती, परत आली. मुलगी झाली तर तिचं नाव बासिलिया ठेवायचं आणि बाप्तिस्म्याला तू धर्ममाता व्हायचंस, असं आम्ही ठरवलंय. तेव्हा ये. रस्ता सुरू झाला आहे. मी काय लिहिलं होतं ते विसर. फक्त इथे यंत्राचं काही काढू नकोस.

पत्रे मिळाले. बांबूवर टाकलेत. पाऊस आला की फार वाजतात.

काळा धूर अजून आलेला नाही. आम्ही वाट बघतोय.

लिंदा, तुझ्यावर माझा आता राग नाही. पण मी रात्री पडल्या पडल्या तुझ्या दोन पत्रांचा विचार करतो, जानेवारीच्या आणि एप्रिलच्या. एकाच हाताची दोन पत्रं. हे दुसरं आधी लिहायचं होतंस. आईनं त्याच्यावरही विश्वास ठेवला असता.

तुझा,
चेंचो